यूएसबी हबला जोडलेलं वाद्य का गुणगुणतं? दोन वायरींचा इतिहास

मंडळाच्या कार्यक्रमात हे तुम्ही बहुतेक ऐकलं असेल. लॅपटॉपला हब, हबला मिडी कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेस, तिथून वायर मिक्सरला. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक शिट्टी. काढला की गप्प. मग लोक हबला शिव्या घालतात आणि नवा आणतात. शिट्टी तशीच! कारण तिचं मूळ १९८३ आणि १९९६ सालच्या दोन वेगळ्या निर्णयांत आहे.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'नॅम' या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडून दाखवले गेले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलली. यामागे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी ही दोन मुख्य नावं. मिडीचं ते मूळ प्रमाण वाचलंत तर एक गोष्ट लक्षात येते: घेणाऱ्या वाद्यात ऑप्टो-आयसोलेटर असतो. आलेल्या सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाहाने आत एक छोटा एलईडी लुकलुकतो, समोरचा प्रकाशसंवेदक तो 'वाचतो'. दोन वाद्यांमध्ये विजेचा थेट संबंधच नाही. वायरीचं शील्डसुद्धा फक्त पाठवणाऱ्या बाजूला ग्राउंडला जोडायचं. हे लोक स्टेज ओळखून होते. प्रत्येक वाद्य वेगळ्या सॉकेटवर असतं, आणि ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेलं की त्या कड्यातून नको तो प्रवाह फिरतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

यूएसबी १.० आलं जानेवारी १९९६ मध्ये. (इंटेलमध्ये त्यावर काम करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी.) इथे डोळ्यांसमोर होतं टेबल: माऊस, कीबोर्ड, प्रिंटर आणि संगणकामागचा वायरींचा गुंता. म्हणून एकाच केबलमध्ये चार तारा: दोन माहितीच्या, एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची. टेबलासाठी हे उत्तमच होतं. पण मिडीने मुद्दाम तोडलेलं ग्राउंड इथे पुन्हा जोडलं गेलं. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी पाठवण्याचं प्रमाण आलं, आणि वाद्यं या टेबलवाल्या वायरीवर येऊन बसली.

वीज किती मिळायची? एक 'युनिट' १०० मिलिअँपिअरचं, आणि एका पोर्टला जास्तीत जास्त पाच. आता गणित करा. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब संगणकाकडून ५०० घेतो, १०० स्वतःसाठी धरतो, उरतात ४००. म्हणजे चार पोर्ट, प्रत्येकी १००. जुन्या हबला चारच पोर्ट का, ते कळलं ना? शिवाय अशा हबच्या पोर्टवर व्होल्टेज ४.४० पर्यंत खाली आलेलं प्रमाणाला चालतं. मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्ट तयार करणारा इंटरफेस तिथे लावलात तर तो मध्येच बंद पडला, याचं आश्चर्य वाटायला नको.

पुढे मोबाईल आले आणि यूएसबी चार्जर होत गेलं. २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये ९०० मिलिअँपिअर, २०१० च्या बॅटरी चार्जिंग १.२ मध्ये दीड अँपिअर, २०१२ पासून पॉवर डिलिव्हरी, २०२१ मध्ये २४० वॉट. खोक्यावरचे मोठे आकडे इथून आले. ते बाजूला ठेवा आणि अडॅप्टर बघा. सात पोर्टच्या हबसोबत ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर असेल, तर सगळे पोर्ट भरल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २८५ मिलिअँपिअर येतात. त्यामुळे इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा. हबवर कीबोर्ड, पॅड वगैरे.

आता ती शिट्टी. यूएसबीची माहिती दर एक मिलिसेकंदाच्या 'फ्रेम'मध्ये जाते, म्हणून वीजही तशाच झटक्यांनी ओढली जाते. सेकंदाला हजार झटके, म्हणजे १००० हर्ट्झचा स्वर. हाय-स्पीड यूएसबीत फ्रेमचे आठ तुकडे होतात, म्हणून ८००० हर्ट्झ. घरच्या विजेची घरघर ५० किंवा १०० हर्ट्झची, जाडी. म्हणजे नुसत्या कानाने निदान होतं: बारीक असेल तर यूएसबीचा गोंगाट, जाड असेल तर मेन्सचा. दोन्ही मिक्सरपर्यंत पोचतात ते बहुतेकदा चार्जरने पूर्ण केलेल्या त्याच कड्यातून.

कडं तोडायचं कुठे, हा खरा प्रश्न. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, मिक्सरपर्यंत बॅलन्स्ड केबल किंवा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स वापरा. कीबोर्डसाठी यूएसबी आयसोलेटर चालतो, पण स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटपर्यंतच जातात. ४८० मेगाबिटवर चालणाऱ्या इंटरफेसला त्यांचा उपयोग नाही. आणि प्लगची अर्थिंगची पिन काढणं हा उपाय अजूनही सांगितला जातो. तो कधीही करू नका. आवाज थांबेल, पण एखाद्या उपकरणात बिघाड झाला तर माईक धरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

संशोधनाची सवय लावायची असेल तर एक करून बघा. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' ही कमांड तपशिलासह चालवली की प्रत्येक उपकरणाचा 'मॅक्सपॉवर' दिसतो. मुळात तो २ मिलिअँपिअरच्या पटीत साठवलेला असतो. २५० लिहिलं असेल तर ५००. पण हा उत्पादकाने केलेला दावा आहे, मोजलेला प्रवाह नव्हे. छोटा यूएसबी मीटर मध्ये लावून स्वतः मोजा, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.