अडतीस की पंचेचाळीस? एका सैन्याची पिस्तूल-खरेदी

२६ ऑक्टोबर १९०५. फिलिपिन्समधील सामार बेटावर अमेरिकी सैन्याच्या कैदेत असलेल्या अंतोनियो कास्पी नावाच्या माणसाने पळून जाण्याचा प्रयत्न केला. झटापटीत त्याच्यावर अगदी जवळून रिव्हॉल्व्हरच्या चार गोळ्या झाडल्या गेल्या. तीन छातीत शिरल्या, एक हाताला लागली. तरीही तो आवरेना. अखेर कार्बाइनच्या दस्त्याचा तडाखा कपाळावर बसला, तेव्हा कुठे तो शुद्ध हरपून कोसळला. पुढे बोरोंगानच्या लष्करी रुग्णालयातून तो बरा होऊन बाहेर पडला.

अमेरिकी सैन्यातील शल्यवैद्य लुई लागार्ड याने आपल्या ग्रंथात ही नोंद करून ठेवली आहे. पिस्तुलांविषयीच्या लेखनात ती पुन्हा पुन्हा भेटते आणि तिच्या आधारे एक लोकप्रिय कथा सांगितली जाते: .३८ ची गोळी मोरो योद्ध्यांना थोपवू शकली नाही, म्हणून अमेरिकेने .४५ चे पिस्तूल घेतले.

या कथेत दोन अडचणी आहेत. सामार हा मोरो लोकांचा प्रदेश नव्हे. तो मध्य फिलिपिन्समधील बहुसंख्य ख्रिस्ती वस्तीचा भाग आहे. आणि दुसरी अडचण तारखेची. ज्या चाचण्यांनी .४५ च्या बाजूने कौल दिला, त्या १९०४ मध्येच पार पडल्या होत्या. पुरावा म्हणून सांगितली जाणारी घटना निर्णयानंतरची आहे.

मग निर्णय कशावर झाला?

आधी कॅलिबर म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. गोळीचा किंवा नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास म्हणजे कॅलिबर. .४५ म्हणजे इंचाचा पंचेचाळीस शतांश, सुमारे ११.४ मिलिमीटर. मात्र नावावर फार विसंबू नये. .३८ लाँग कोल्ट या काडतुसाच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .३५७ इंचाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटरच होता. शिवाय गोळीचे वजन आणि वेग व्यासाइतकेच महत्त्वाचे असतात. .३८ लाँग कोल्टची गोळी १५० ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेदहा ग्रॅमची, आणि चालीने संथ होती.

१८९२ मध्ये अमेरिकी सैन्याने जुने .४५ चे कोल्ट रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवून हे .३८ घेतले. कारणे समजण्याजोगी होती. नवे शस्त्र झटका कमी देई, त्याचा चाप नुसता ओढला तरी घोडा आपोआप मागे जाऊन पडे आणि चक्री बाजूला उघडून काडतुसे झटपट भरता येत. कागदावर ती सुधारणाच होती.

डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनकडून २ कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपिन्स अमेरिकेकडे आले. तेथील लोकांना कोणी विचारले नव्हते. १८९९ मध्ये युद्ध पेटले. १९०२ मध्ये ते संपल्याचे अमेरिकेने जाहीर केले, पण दक्षिणेकडील मिंदानाओ आणि सुलू बेटांवरील मुस्लिम मोरो समाजांशी संघर्ष १९१३ पर्यंत चालूच राहिला. यातले काहीजण मरणाची शपथ घेऊन, हाती क्रिस किंवा बारोंग घेऊन एकट्याने सैनिकांवर चालून जात. स्पॅनिश लोकांनी त्यांना ‘हुरामेंतादो’, म्हणजे शपथबद्ध, असे नाव दिले होते. हातभर अंतरावर पाते उगारलेला माणूस आणि हातातले रिव्हॉल्व्हर त्याला रोखत नाही, हा अनुभव घेतलेल्या सैनिकाची भीती खोटी नव्हती. कोठारात पडलेली जुनी .४५ ची रिव्हॉल्व्हर्स पुन्हा वापरात आली, ती याच भीतीपोटी.

या भीतीला एक भाषाही मिळाली होती, आणि ती अमेरिकेत जन्मलेली नव्हती. १८९५ च्या चित्राल मोहिमेनंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती की नव्या .३०३ रायफलीची बारीक गोळी पठाणाच्या अंगातून आरपार जाते आणि तो तसाच पुढे येतो. त्यावर उपाय म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा प्रस्ताव आला, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन अर्डा यांनी युक्तिवाद केला की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे सरतो, रानटी माणूस मात्र येतच राहतो. प्रस्तावाविरुद्ध ब्रिटनच्या जोडीला मत पडले ते अमेरिकेचे. अमेरिकेची बाजू मांडणारा लष्करी प्रतिनिधी होता कॅप्टन विल्यम क्रोझियर.

हाच क्रोझियर १९०१ मध्ये अमेरिकी सैन्याच्या शस्त्रास्त्र विभागाचा प्रमुख झाला. पुढे नव्या पिस्तुलाच्या कॅलिबरचा प्रश्न आला, तो त्याच्याच कारकिर्दीत. चौकशीसाठी दोन माणसांचे मंडळ नेमले गेले: शस्त्रास्त्र विभागाचा कॅप्टन जॉन थॉम्पसन, ज्याच्या नावाची ‘टॉमी गन’ पुढे प्रसिद्ध झाली, आणि वैद्यकीय विभागाचा मेजर लागार्ड.

चाचण्यांचे वर्णन आज वाचणे कठीण जाते. शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात जिवंत गुरांवर आणि घोड्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. दहा गोळ्यांनंतरही न पडलेले जनावर हातोड्याने मारण्यात आले. मानवी मृतदेह टांगून त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या आणि प्रत्येक गोळीने देह किती हलतो याचा अंदाज बांधला. जर्मन ७.६५ आणि ९ मिलिमीटर ल्यूगर, .३८ च्या दोन जाती, .४५ कोल्ट, ब्रिटिश .४५५ आणि .४७६ अशी काडतुसे तपासली गेली.

या पद्धतीतील उणिवा विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही दिसतील. टांगलेला देह किती झुलतो, यावरून गोळीचा संवेग कळतो. म्हणजे जड गोळीला तेथे झुकते माप मिळणारच. पण माणूस गोळीच्या धक्क्याने थांबत नाही. मेंदू वा मज्जारज्जू दुखावला, किंवा रक्तस्रावाने रक्तदाब कोसळला, तर शरीर थांबते. एरवी थांबणे हे पुष्कळसे मनावर अवलंबून असते. जनावरे मोजकीच होती आणि त्यांच्यावरचे परिणाम एकसारखे आले नाहीत. गोळ्यांचे आकारही निरनिराळे होते: कोणती टोकदार, कोणती बोथट, एक तर पोकळ तोंडाची. फरक व्यासाचा की आकाराचा, हे वेगळे काढायची सोयच नव्हती.

तरी निष्कर्ष ठाम निघाला. लष्करी पिस्तुलाची गोळी .४५ हून लहान असू नये.

त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती, आणि ती पहिलीपेक्षा अधिक भक्कम पायावर उभी होती. कोणतीही पिस्तुलाची गोळी मर्मस्थानी लागल्याखेरीज खात्रीने थांबवत नाही. म्हणून पिस्तूल बाळगणाऱ्या सैनिकांकडून अचूक नेमबाजीचा अखंड सराव करून घ्यावा. पहिली शिफारस दंतकथा झाली, दुसरी बहुतेकांच्या कानावरही आलेली नाही. नवे पिस्तूल विकत घेता येते. सराव विकत घेता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण असावे.

पुढची गोष्ट परिचित आहे. जॉन ब्राउनिंगने २३० ग्रेनची .४५ ची गोळी आणि तिच्यासाठी पिस्तूल घडवले. १९११ च्या अंतिम चाचणीत कोल्ट कंपनीच्या या पिस्तुलाने ६,००० गोळ्या एकदाही न अडखळता झाडल्या आणि २९ मार्च १९११ रोजी ते स्वीकारले गेले. यंत्र म्हणून ते अव्वल होते, यात वाद नाही. मात्र तोपर्यंत मोरो संघर्षाचा मोठा भाग उरकला होता. मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरील बुद दाजो या डोंगराच्या विवरात आश्रय घेतलेल्या शेकडो मोरो स्त्री-पुरुषांना आणि मुलांना अमेरिकी सैन्याने ठार केले. मार्क ट्वेनने त्यावर जळजळीत लिहिले. तेथे पिस्तुलाच्या कॅलिबरला फारसे काम नव्हते. डोंगरी तोफा आणि रायफलींनी ते काम केले.

गंमत म्हणजे, पठाणांविषयी तीच तक्रार करणाऱ्या ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर नेमके उलटे केले. घाईने भरती केलेल्या जवानांना जड .४५५ वेब्ली नीट झाडता येत नाही, हे त्यांनी पाहिले होते. १९३२ मध्ये त्यांनी .३८ स्वीकारले, मात्र गोळी २०० ग्रेनची, जड ठेवली.

अमेरिकी सैन्य ७४ वर्षे .४५ ला धरून राहिले. जानेवारी १९८५ मध्ये नाटोतील समानतेसाठी ९ मिलिमीटरचे बेरेटा निवडले गेले आणि मॅगझीनमधील गोळ्या ७ वरून १५ वर गेल्या. ९ मिलिमीटरची गोळी हलकी, सुमारे आठ ग्रॅमची, पण बरीच वेगवान. ऊर्जेच्या हिशेबात ती.४५ च्या जवळपास येते. जुन्या पिढीचा विरोध तीव्र होता, आणि त्यांच्या हाती लवकरच एक उदाहरण आले.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ अधिकारी आणि दोन दरोडेखोर यांच्यात गोळीबार झाला. सुरुवातीलाच एका दरोडेखोराच्या दंडातून ९ मिलिमीटरची गोळी छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही रायफल चालवत राहिला. दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, पाच जखमी झाले. दोष त्या एका गोळीवर आला. संस्थेने आधी १० मिलिमीटरचे काडतूस घेतले. त्याचा झटका अनेकांना पेलेना, तेव्हा त्याचेच आखूड रूप असलेले.४० स्मिथ अँड वेसन १९९० मध्ये बाजारात आले आणि देशभरातील पोलीस दलांनी ते उचलले.

या खेपेस एक गोष्ट वेगळी घडली. झुलणाऱ्या देहांऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किती खोल जाते, याचे मोजमाप सुरू झाले आणि किमान १२ इंचांची कसोटी ठरली. या कसोटीला उतरतील अशा ९ मिलिमीटरच्या गोळ्या कारखान्यांनी पुढील काळात बनवल्या. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने ९ मिलिमीटरकडे परतण्याचे समर्थन केले. कारणे अशी होती: चांगल्या गोळ्यांच्या जखमांत कॅलिबरनुसार दिसण्याजोगा फरक उरलेला नाही, मॅगझीनमध्ये गोळ्या जास्त मावतात, आणि झटका कमी असल्यामुळे बहुतेक अधिकाऱ्यांचा नेम अधिक अचूक लागतो.