एमजी, मिग आणि घसारा

दिंडोरीत 'एमजी' असं नुसतं म्हटलं की चारांपैकी तीन माणसं आभाळाकडे बघतात. त्यात त्यांचा दोष नाही. शेजारी ओझर, तिथल्या कारखान्यात मिग-21 विमानं तयार झाली आणि त्यांच्या आवाजानं गावाच्या दुपारच्या डुलक्या पार मोडल्या. चौथा माणूस तरुण असतो. तो म्हणतो, "हेक्टर ना काका? झकास गाडी!" गुजरातेत हलोलला 2019 पासून तयार होणाऱ्या त्या गाडीवर बिल्ला विलायती आणि मूळ कंपनी चिनी, हे त्याला कोण सांगणार? मी म्हणतो ती एमजी वेगळी. बुटकी, दोघांपुरती, डोक्यावर धड छप्पर नसलेली.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजाचा व्यवस्थापक सेसिल किंबर यानं 1920च्या दशकात साध्यासुध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवायला सुरुवात केली. मुलगी तीच, शालू नवा! पुढे कारखाना अ‍ॅबिंग्डनला गेला आणि 1955 साली तिथून एमजीए ही गाडी बाहेर पडली. 1962 पर्यंत 1,01,081 गाड्या झाल्या. त्यातल्या जेमतेम सहा हजार इंग्लंडात राहिल्या, बाकी बहुतेक अमेरिकेला. गाडी काय थाटाची म्हणाल, तर दाराला बाहेरून कडीच नाही. आत हात घालून दोरी ओढायची. तळाला लाकडी फळ्या. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही सीटच्या मागे दडवलेल्या. दिवे लुकास कंपनीचे आणि या कंपनीला मोटारशौकीन थट्टेनं 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. लोडशेडिंगमध्ये मुरलेल्या आम्हा दिंडोरीकरांना त्याचं काय कौतुक?

आता खरी गंमत ऐका. या फॅशनेबल बाईच्या पोटात जे 1489 सीसीचं इंजिन होतं, त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन 1959च्या सुमारास आपल्या अँबॅसडरला मिळालं. म्हणजे ज्या गाडीतून आमच्या बँकेचे मोठे साहेब तपासणीला उतरत आणि ज्या गाडीतून हॉलिवुडच्या नट्या समुद्रकाठी केस उडवत, त्या चुलत बहिणी! एकीला दोन कार्बुरेटर मिळाले, दुसरीला सरकारी नोकरी.

अशा गाडीला तरुणपणी कोणी जपत नाही. ती वापरतात, ठोकतात, विकतात आणि शेवटी कुठल्यातरी गोठ्यात कोंबड्यांच्या हवाली करतात. मग तीस-चाळीस वर्षांनी एखाद्याच्या डोक्यात येतं की हिला पुन्हा नवरी करायची. या वेडाचा एक ठळक टप्पा 1955चा. कॅलिफोर्नियात पेबल बीच इथे 1950 पासून मोटारींचं सौंदर्यप्रदर्शन भरे. सुरुवातीची वर्षं पहिलं बक्षीस कोऱ्या करकरीत गाड्याच न्यायच्या. 1955 साली फिल हिल नावाच्या तरुणानं आपल्या मावशीची 1931ची पियर्स-अ‍ॅरो दुरुस्त करून आणली आणि पहिला नंबर मारला. (हाच गडी 1961 साली शर्यतींचा जगज्जेता झाला. मावशी असावी तर अशी.) तेव्हापासून जुनं नव्यावर मात करू लागलं.

मी बी.कॉम. माणूस. आम्हाला शिकवलं घसारा. वस्तू जुनी झाली की तिची किंमत दरसाल उतरते. इथे मात्र किंमत चढते आणि ती चढते घासल्यामुळे! आधी गाडीचा सांगाडा सुटा करायचा. एमजीएचे दरवाजे आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे, ते तगतात. बाकीचं लोखंड गंजानं खाल्लेलं. ते कापून नवा पत्रा जोडायचा, खळगे बुजवायचे, लांबी भरायची, वॉटर पेपरनं घासायचं, रंग मारायचा, पुन्हा घासायचं. अ‍ॅबिंग्डनला गाड्या हातानं ढकलत एका टप्प्यावरून दुसऱ्यावर नेत. तिथल्या कामगाराला संध्याकाळी घरी जायची घाई असणारच. प्रदर्शनातल्या परीक्षकाला कसलीच घाई नसते. तो दारातली फट मोजतो, स्क्रूचं डोकं तपासतो, चाकामागे बोट फिरवून धूळ बघतो. त्यामुळे बक्षीस मिळवणारी गाडी कारखान्यातून निघाली त्याहून चांगली होते. म्हणजे, ती कधी नव्हतीच तशी होते.

इथे माझ्यातला कारकून जागा होतो. लेजरच्या काळापासून आमच्यात एक नियम आहे. आकडा चुकला तर ब्लेडनं खरवडायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. खरवडलेलं पान कितीही स्वच्छ दिसो, ऑडिटर त्यालाच संशयानं बघतो. बक्षिसी गाडी हे असं खरवडलेलं पान. कोणी कुठे ठोकली, कोणी कोपऱ्यात रंग लावला, कोणत्या मिस्त्रीनं काय जुगाड केला, सगळं पुसलेलं. त्यात 1988 पासून इंग्लंडात एमजीएच्या धाकट्या बहिणीची, एमजीबीची, अख्खी नवी बॉडी जुन्याच साच्यांतून काढून मिळू लागली. नवा पत्रा, जुना नंबर. खातं तेच, रक्कम सगळी बदललेली!

आपलं सरकारही या पेचात शिरलंय. 2021च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. आता गंजलेलं लोखंड काढून नवं घातलं तर तो फेरबदल की सेवा, हे आरटीओच्या खिडकीवर ठरणार. त्या खिडकीच्या आतल्या माणसाबद्दल मला व्यवसायबंधू म्हणून मनापासून सहानुभूती आहे.

आणि पाळी आता त्या गरीब चुलत बहिणीवर आली आहे. अँबॅसडरचं उत्पादन 2014 साली थांबलं. तिच्या साठच्या दशकातल्या गाड्या पन्नाशी ओलांडून केव्हाच 'व्हीए'च्या लायकीच्या झाल्या. उद्या कोणी हौशी माणूस अशी एखादी गाडी उघडेल आणि मागच्या दाराच्या आतल्या अंगाला त्याला पानाची वाळलेली पिचकारी दिसेल. कुठल्यातरी साहेबाची, कुठल्यातरी तपासणीच्या दौऱ्यातली. वॉटर पेपर हातात तयार असेल. मला विचारलं तर मी म्हणेन, रेघ मारा, सही करा, पण ती पुसू नका. परीक्षक मात्र दोन गुण कापेल.