शब्दवेध : हँकी-पँकी

आज हँकी-पँकी म्हटलं की चोरटी प्रेमप्रकरणं आठवतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत मात्र अर्थ होता हातचलाखी, जादूगाराची बनवाबनवी. ‘होकस-पोकस’चंच हे भावंड असावं, असा कोशकारांचा कयास. हेच नाव एका कॉकटेललाही मिळालं. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या बारप्रमुख एडा कोलमन यांनी कामाने थकलेले नट चार्ल्स हॉट्री यांच्यासाठी नवं पेय बनवलं. हॉट्रींनी घोट घेतला, ग्लास रिकामा केला आणि हीच खरी हँकी-पँकी म्हणाले. बारसं तिथेच उरकलं! जिन आणि गोड व्हर्मुथ निम्मं-निम्मं, त्यात फर्नेट-ब्रांकाचे दोनच शिंतोडे. फर्नेट म्हणजे जडीबुटीचा कडूजहर काढा. हात सैल सुटला की जिन मेलीच. बर्फासोबत हलवायचं, गाळायचं, वर संत्र्याची साल पिळायची. १९३०च्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’मध्ये हेच प्रमाण छापलेलं आहे.