बार्बरेचा मनोरा

युरोपच्या जुन्या चित्रांत एखाद्या स्त्रीच्या मागे मनोरा दिसला, की मी त्याच्या खिडक्या मोजते. तीन भरल्या तर ती पुष्कळदा संत बार्बरा असते.

कथा अशी सांगतात. तिसऱ्या शतकात एका धनिकाने आपली देखणी मुलगी परक्याच्या नजरेस पडू नये म्हणून तिला मनोऱ्यात कोंडून ठेवले. तो परगावी गेला असता तिने गवंड्यांकडून दोन खिडक्यांच्या जागी तीन करवून घेतल्या. ख्रिस्ती त्रैक्याची ती खूण. त्यावरून तिचा नवा धर्म बापाला कळला, आणि शेवटी त्याने स्वतःच्या हाताने तिचा शिरच्छेद केला. तत्क्षणी त्याच्यावर वीज कोसळली. म्हणून तोफा डागणारे आणि खाणीत सुरुंग लावणारे बार्बरेला आपली रक्षणकर्ती मानू लागले.

कथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. रोमन चर्चने १९६९ साली आपल्या सार्वत्रिक पंचांगातून तिचा सण वगळला. पण चित्रांचा इतिहास खराच आहे.

यान व्हान आयक याने १४३७ साली केलेले तिचे चित्र अँटवर्पला आहे. जेमतेम फूटभर उंचीचे. आभाळाला थोडा निळा रंग, बाकी सारे बारीक रेखाटन. मनोरा अजून बांधला जात आहे. पाथरवट दगड घडवीत आहेत, मजूर ओझी वाहत आहेत, माथ्यावर यारी उभी आहे. बार्बरा मात्र पुढे मोकळ्यावर बसली आहे. मांडीवर पुस्तक आहे आणि हातात हौतात्म्याची खूण म्हणून झावळी आहे. रॉबर्ट कांपँ याचे म्हणून मानले जाणारे १४३८ सालचे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात ती घरात शेकोटीकडे पाठ करून वाचीत बसली आहे, आणि मनोरा खिडकीतून लांब दिसतो.

मूर्तिकार तर पुष्कळदा त्याहून पुढे गेले. त्यांनी तो मनोरा इवलासा करून तिच्या हातातच दिला!

मला यातील मर्म असे वाटते. मनोरा बापाचा होता, खिडकी तिची होती. लोकांनी ध्यानात ठेवली ती खिडकी, आणि तिच्यामुळे कैदेची वास्तूही मुलीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. भगिनींनी असे चित्र कोठे पाहिले, तर खिडक्या अवश्य मोजाव्यात.