शेल्फवरची कामं: एका मिश्र पद्धतीची कुळकथा

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दारव्हा, वणी अशा कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत ‘ते काम शेल्फवर आहे’ असं कोणी म्हणालं की जाणकाराला सगळं कळतं. जागा पाहून झाली, अंदाजपत्रक तयार आहे, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता फायलीला लागली आहे. फक्त कुदळ पडायची बाकी आहे. ती कधी पडायची हे कचेरी ठरवत नाही. गावातून कामाची मागणी आली की पडते. म्हणजे नियोजन जुन्या वळणाचं, आधी सगळं कागदावर पक्कं करणारं. आणि अंमल मात्र मागणीप्रमाणे, आठवड्याच्या हजेरीपटावर चालणारा. सॉफ्टवेअर कंपन्यांत पारंपरिक आणि अजाइल पद्धतींच्या अशा मिश्रणाला ‘हायब्रिड’ म्हणतात आणि ते अगदी अलीकडचं समजतात. सरकारी दप्तरात ते कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याचा जन्म दुष्काळात झाला.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली. त्यानंतर नेमलेल्या रिचर्ड स्ट्रेची यांच्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा झाला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता तयार झाल्या. त्यांतल्या दोन युक्त्या आपल्या कथेच्या मूळपुरुष म्हणता येतील. पहिली अशी, की दुष्काळ पडल्यावर कामं शोधत बसायचं नाही. रस्ते, तळी, बंधारे यांची यादी नकाशा आणि खर्चाच्या अंदाजासकट जिल्ह्यात आधीच तयार ठेवायची. दुसरी युक्ती चाचणी कामांची. पाऊस ताणला की थोडी कामं उघडायची आणि किती माणसं येतात ते पाहायचं. गर्दी वाढली तर टंचाई खरी. मग यादीतली मोठी कामं खाली उतरवायची.

एका बाजूला पक्का आराखडा, दुसऱ्या बाजूला रोजच्या हजेरीवरून घेतलेला निर्णय. कारभाराच्या दृष्टीने युक्ती हुशारीची होती, माणसाच्या दृष्टीने निर्दय. चाचणीच्या कामावर मेहनत मुद्दाम जड आणि मजुरी मुद्दाम तुटपुंजी ठेवत, म्हणजे खरोखर उपाशी असेल तोच येईल. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत वऱ्हाड होरपळला. त्यातला आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव आणि पुसद तालुका मिळाला. मजूर किती आले यावर काम चालायचं खरं, पण मजुराला मागण्याचा हक्क नव्हता. त्याची भूक हा साहेबाच्या दृष्टीने फक्त एक आकडा होता.

हा आकडा हक्क कसा झाला, ही कथेतली खरी कलाटणी आहे, आणि तिथे पुसद तालुका पुन्हा येतो. या तालुक्यातल्या गहुली गावी १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक पुसदला वकिली करता करता राजकारणात आले आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला गावातल्या हाताला गावातच काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यामागची कल्पना त्यांनी नाईकांपुढे मांडली आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्याच्या कार्यक्रमात आली. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. एवढ्या लोकांना काम पुरवायचं तर काय काय लागतं, हे प्रशासन त्या वर्षी शिकलं.

१९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि जुन्या संहितेचा सांगाडा ठेवून त्याने आतला जीव बदलला. कामांची यादी आधी तयार ठेवायची, हे तसंच राहिलं. मात्र काम उघडण्याची कळ कलेक्टरकडून मजुराकडे गेली. नाव नोंदवायचं, काम मागायचं. १५ दिवसांत ते मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. चालू कामावर जागा असेल तर आधी तिथे पाठवायचं. तशी नसेल आणि ५० मजूर जमत असतील, तर शेल्फवरचं नवीन काम काढायचं.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात या लवचीकपणाशिवाय योजना चाललीच नसती. मृगाचा पाऊस पडला की मजूर पेरणीला जातो, मग निंदण, डवरणी. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते आणि पऱ्हाटी उपटेपर्यंत वावरात हाताला काम असतं. हमीच्या कामाला खरी गर्दी त्यानंतर, पाऊस येईपर्यंत. त्यातही गावागणिक फरक. कापूस लवकर आटोपला त्या गावातून मागणी आधी येते, ओलिताच्या गावातून उशिरा. हे वेळापत्रक जानेवारीत यवतमाळला बसून कोणत्याही अभियंत्याला आखता आलं नसतं. बंधाऱ्याची लांबी मात्र त्याला आधी आखता येते, आणि ती त्याने आधीच आखायची असते.

कामावरचा हिशोबही तसाच दुहेरी. मजुरांची टोळी माती खोदताना चौकड्या पाडते. चौकडीच्या मध्ये मातीचा एक खुंट न खोदता ठेवतात, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते दिसतं आणि खोली मोजता येते. माप मोजमाप पुस्तिकेत चढतं, त्याला दर लागतो आणि हजेरीपटावर मजुरी निघते. दर वर्षभराचा, मंजूर तक्त्यातला. माप त्या आठवड्याचं. अंदाजपत्रकात मुरूम धरला आणि खाली कठीण खडक लागला, तर ते पहिल्याच मापात उघडं पडतं, काम संपल्यावर नव्हे.

सॉफ्टवेअरवाले इथे पोचले ते उलट्या वाटेने. विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या एका निबंधात गरजा, आराखडा, बांधणी, चाचणी अशी पायरी-पायरीची आकृती काढली, आणि एवढ्यावरच विसंबणं धोक्याचं आहे असंही त्याच निबंधात बजावलं. उद्योगाने आकृती उचलली, इशारा सोडला. त्याला कंटाळून २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा काढला. दोनच वर्षांत बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांनी लवचीकपणा आणि शिस्त यांचा तोल कसा साधायचा यावर पुस्तक लिहिलं. सॉफ्टवेअर आणि हमी योजना या दोन्ही घराण्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही. पैशाचा मात्र आहे. महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याच्याही, पगारातून महिन्याला कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली लागला तो हमी योजनेच्या निधीसाठीच.

या मिश्रणाची किंमतही दप्तरात नोंदलेली आहे. मजूर शेतीकडे वळले की काम थांबतं, आणि अर्धवट राहिलेल्या कामांची तक्रार रोजगार हमीच्या जन्मापासून तिला चिकटलेली आहे. रस्ता अर्धा राहिला तर राहतो, पण पाझर तलावाचं तसं नाही. पायाचा चर काळ्या मातीखालच्या पक्क्या थरापर्यंत न्यावाच लागतो. दोन्ही बाजूंचा बांध दोन-तीन उन्हाळ्यांत सवडीने चढवता येतो, पण मधली नाल्याची घळ एकदा भरायला घेतली की पावसाआधी ठरलेल्या उंचीपर्यंत न्यावीच लागते. घळभरणी अर्धी राहिली तर पहिल्या मोठ्या पुरात वर्षाची मेहनत वाहून जाते. तिथे मागणीची वाट पाहून चालत नाही. यंत्रं लावा, माणसं आणा, पण तारीख पाळा. पुसद तालुक्यातल्या पूस नदीवरच्या मातीच्या धरणाला जो नियम, तोच गावच्या तलावाला.

म्हणजे मिश्रण हे निम्मं-निम्मं वाटून होत नाही. जे चुकलं तर उकलता येत नाही, ते आधी ठरवायचं: जागा, पाया, घळभरणीचा महिना. जे त्या दिवसाशिवाय कळतच नाही, ते मोकळं ठेवायचं: किती हात, कुठल्या गावातून, कुठल्या आठवड्यात. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याने हीच वाटणी देशभर नेली. त्याच्या १६ व्या कलमात ग्रामपंचायतीने कामांचा शेल्फ तयार ठेवावा आणि मागणी येईल तशी त्यातली कामं घ्यावीत, असं लिहिलं होतं. २००६ मध्ये हा कायदा पहिल्या टप्प्यात ज्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत यवतमाळ होता.

आणि ही पद्धत मोडते तीही ठरलेल्या दोनच ठिकाणी. शेल्फ रिकामा असतो, म्हणून मागणी आली तरी मान्यतेअभावी काम निघत नाही. किंवा शेल्फ भरलेला असतो, पण मागणीचा अर्ज घेऊन पोचच दिली जात नाही, म्हणजे मागणी झालीच नाही असं दप्तर म्हणतं. कंपन्यांतली हायब्रिड पद्धतही याच दोन ठिकाणी फसते. रोज सकाळी उभ्याने बैठक होते, भिंतीवर चिठ्ठ्या लागतात, पण पुढचं काम कोणतं आणि कधी घ्यायचं हे वरूनच ठरून आलेलं असतं. शेल्फ भरणं हे योजणाऱ्याचं काम आणि त्यावरून काम उतरवून घेणं हा करणाऱ्याचा हक्क. यातला हक्क काढून घेतला, तर मागे उरते ती १८८३ ची संहिता.