शेंगाचटणी मूळची कुठली?

सोलापूरला आलेला पाहुणा जाताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेतो. ही चटणी किती जुनी, असे वर्गात विचारले की 'पूर्वापार चालत आलेली' हे उत्तर ठरलेले. ते तपासून पाहायचे आम्ही ठरवले. रीत सोपी आहे. चटणीतला एकेक जिन्नस घ्यायचा आणि त्याचे मूळ गाव शोधायचे.

शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बोलिव्हियाचा दक्षिण भाग व अर्जेंटिनाचा वायव्य भाग इथल्या दोन रानटी जातींच्या संकरातून तो जन्मला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने याला दुजोरा दिला. मिरची मेक्सिकोची, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. तोवर आपल्या स्वयंपाकात तिखटपणा होता तो मिरे, पिंपळी आणि आल्याचा. भाषाही हीच साक्ष देते. मिऱ्यावरून मिरची, मुगावरून भुईमूग! नवख्या वस्तूला लोकांनी ओळखीचे नाव दिले. लसूण मध्य आशियातला, जिरे पश्चिमेकडचे. पण ते इथे फार पूर्वीपासून रुळलेले. भाकरीची ज्वारीदेखील हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली.

आता उलटा प्रवास पाहू. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस क्यूबाला पोहोचला. तिथल्या ताइनो लोकांचा शेंगदाण्यासाठीचा 'मानी' हा शब्द स्पॅनिशमध्ये आजही वापरतात. पण क्यूबाची पारंपरिक चटणी 'मोहो' कशाची करतात? लसूण, मीठ, जिरे कुटायचे आणि त्यात आंबट संत्र्याचा रस व गरम तेल घालायचे. यातले लसूण, जिरे, संत्रे तिघेही स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलेले. म्हणजे अमेरिकेचा दाणा सोलापूरच्या उखळात आणि आशियाचा लसूण क्यूबाच्या खलबत्त्यात!

मग सोलापूरचे स्वतःचे काय? कुटण्याची कृती. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते, पण ते पेशींत बंदिस्त असते. मुसळाच्या दाबाने पेशी फुटतात, तेल सुटते आणि चटणी मऊ, तेलकट होते. हे वर्गात करून पाहता येईल. मंद आचेवर भाजलेल्या दाण्यांचे दोन समान भाग करा. एक मिक्सरवर थोडाच फिरवा, दुसरा लसूण, तिखट, जिरे, मीठ न घालता खलबत्त्यात तेल दिसेपर्यंत कुटा. दोन्हींची चिमूट कागदावर दाबून डाग ताडून पाहा. मग कुटलेल्या भागात बाकीचे जिन्नस घालून पुन्हा कुटले की चटणी तयार. बुरशी आलेले दाणे मात्र आधीच टाकून द्यावेत. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही.

जाता जाता एक प्रश्न. उपवासाला शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळे, साबुदाणा चालतो. हे सारे मूळचे अमेरिकेचे. इथे शतकानुशतके असलेला लसूण मात्र चालत नाही. असे का झाले असेल? वर्गात चर्चा जरूर घडवून आणा.