बेडकाला वाचविले कशाने?

बेडकाचा इतिहास सांगायचा म्हटले की पुष्कळांना हसू येईल. इतिहास म्हणजे गड-किल्ले, तह आणि लढाया! पण ज्या देशाने बेडकाच्या तंगड्या जहाजे भरभरून परदेशी धाडल्या आणि पुढे कायद्याने ते बंद केले, त्या देशात बेडकालाही इतिहास आहे. कोणत्या उपायाने बेडूक खरोखर वाचतो, हे त्या इतिहासालाच विचारू.

१९५०च्या दशकापासून आपल्याकडून बेडकाचे पाय बर्फात गोठवून युरोप-अमेरिकेत जाऊ लागले. १९८१ साली ही निर्यात चार हजार टनांच्या वर गेली. मागणी होती ती आपल्या मोठ्या बेडकाला, म्हणजे ‘बुलफ्रॉग’ला. मृगाचा मोठा पाऊस झाला की याचा नर पिवळाधमक होतो, डबक्यात बसून रात्रभर डरावतो आणि मादीला बोलावतो. पकडणाऱ्यालाही तेच हवे! गॅसबत्तीच्या उजेडात बेडूक दिपून जागीच बसतो. मग काय, पोती भरायला वेळ लागत नाही. अंडी घालण्याच्या ऐन वेळी जोड्याच उचलल्या, तर पुढच्या वर्षी डबक्यात आवाज करणार कोण?

हा हिशेब लोकांपुढे मांडणाऱ्यांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली अग्रणी होते. मूळचे ते पक्ष्यांचे अभ्यासक. बेडूक काय खातो, याचा त्यांनी शोध घेतला आणि १९८५ साली सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीवर विस्तृत लेख लिहिला. भातखाचरातला बेडूक किडे खातो, बांध पोखरणारे खेकडेही खातो. म्हणजे तो शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच की! त्याला विकून परकीय चलन मिळवायचे आणि कीटकनाशकांवर खर्च करायचे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. त्याच वर्षी या बेडकाचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आले, आणि १९८७ साली भारताने निर्यात साफ बंद केली.

या उपायाचे मोल काय? देशाच्या बंदरांतून उघडपणे जाणारा माल थांबला, हे मोठेच यश. पण परदेशातल्या जिभेची चव काही बदलली नाही. व्यापार बांगलादेशाकडे आणि पुढे इंडोनेशियाकडे वळला. घरच्या घरीही सगळे आलबेल झाले नाही. गोव्यात पावसाळी रात्री ‘जंपिंग चिकन’ या गोंडस नावाखाली चोरून होणारी शिकार रोखायला वनखात्याला गस्त घालावी लागते. म्हणजे कायदा हवाच, पण त्याच्यामागे जागता पहारा हवा.

आणि काही बेडकांना तर कोणी पकडतही नाही, तरी ते संकटात आहेत. सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या खडकाळ सड्यावर एक लहानसा भेक राहतो. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याला नाव दिले. त्याचा भाऊबंद कोयनेचा भेक १९६३पासून शास्त्राला ठाऊक आहे. सड्यावरच्या उथळ पाण्यात आंबोलीचा भेक अंडी घालतो. सडा उकरला किंवा पावसाळी गर्दीच्या गाड्या त्याच्या वाटेवरून धावल्या, तर निर्यातबंदी त्याच्या काय कामाची? इथे जागाच राखायला हवी.

परदेशातही हाच धडा मिळाला. युरोपात भेकांसाठी रस्त्याखालून बोगदे केले. पण बोगद्याच्या तोंडाकडे नेणारे ठेंगणे कुंपण नसेल, तर पुष्कळ भेक रस्त्यावरच येतात. केंब्रिजच्या अभ्यासकांनी २०१४ साली जगभरच्या अशा उपायांचे निष्कर्ष एकत्र करून ग्रंथ काढला. नवी डबकी खणण्याचा उपाय पुष्कळ जातींना मानवतो, असे त्यातून दिसते. बेडूक उचलून दुसरीकडे नेऊन सोडण्याचा उपाय मात्र कधी फळतो, कधी फसतो. उपाय नुसता चांगल्या मनाने केला म्हणजे गुण येतोच असे नाही. वैद्य जसा औषध दिल्यावर पुन्हा नाडी पाहतो, तसे पाहावे लागते.

आमच्या पुण्याचेच पाहा. बाणेर-बालेवाडीच्या शेतांत आता इमारती उभ्या आहेत. मावळ-मुळशीत भातखाचरे अजून आहेत, पण त्यांच्या पाण्यात औषधे उतरतात; आणि बेडूक तर पाणी कातडीतूनच शोषून घेतो! कोणी बेडूक पकडला नाही, तरी डबके बुजले की त्याचा वंश तिथे संपला.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेत एक वही ठेवा. पहिला मोठा पाऊस कधी झाला, कोणत्या डबक्यात आवाज आला, किती रात्री आला, डबके कधी आटले, हे मुलांकडून दरवर्षी लिहून घ्या. डबके राखले, बांधाकडेला औषध मारायचे टाळले, तर आवाज वाढला की घटला, हे चार-पाच वर्षांत ती वहीच सांगेल. अवर्षणात धोंडीच्या निमित्ताने गावोगाव बेडकाला मिरवून आपण त्याच्याकरवी पाऊस मागत आलो. आता पाऊस आल्यावर त्याला बसायला हातभर पाणी शिल्लक ठेवणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.